पाच वेबसाइट्स कुणाच्या, मुलाच्या की तुमच्या?

प्रश्न : मुलगा २० वर्षांचा, सांगलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी ६१ टक्के मिळाले. पंधराव्या वर्षापासून स्वतःच्या वेबसाइटवर मतं लिहितो. पूर, एसटी, परीक्षा, नाटकं असे १४० लेख झाले, पण तीन वर्षं जाहिराती लावूनही बँकेत एक रुपया आलेला नाही. उद्या सरकारी परीक्षा द्यायची म्हटली तर हीच मतं आड येतील. म्हणून ती साइट बंद करून मनोरंजनाच्या पाच वेबसाइट्स काढायचं आम्ही ठरवलं आहे : मराठी सिनेमा, मालिका, गाण्यांचे बोल, वेब सिरीज आणि कलाकारांची माहिती. नावं विकत घेऊन झाली, ६० हजार बाजूला ठेवलेत. प्रत्येक साइटवर रोज चार लेख असं वेळापत्रक मी केलं आहे. ओळखीतला एक मुलगा यातून महिना ४० हजार कमावतो. यापुढे मुलाने मास कम्युनिकेशन करावं की एमबीए? – एक पालक, सांगली
(खाली मुलाच्या अक्षरात : जुनी साइट बंद करायला माझी हरकत नाही. पण रोज वीस लेख माझ्याच्याने होणार नाहीत.)

उत्तर : तुमचं मूळ पत्र दोन पानांचं (वर ते थोडक्यात आहे), मुलाचं दोन ओळींचं. मास कम्युनिकेशन की एमबीए याचं उत्तर एका वाक्यात देता येईल आणि ते पुढे देतोही, पण मला काळजी वाटली ती त्या दोन ओळींची. 'आम्ही ठरवलं आहे' यातल्या 'आम्ही'त मुलगा कुठे आहे, ते पत्रात सापडत नाही. साइट्सचे विषय तुम्ही निवडले, नावं तुम्ही घेतली, वेळापत्रक तुमचं, पैसे तुमचे. लिहायचं तेवढं त्याने. हा तुमचा व्यवसाय झाला, ज्यात मुलगा बिनपगारी कामाला आहे. व्यवसाय करायला माझी ना नाही, फक्त त्याला मुलाचं करिअर म्हणू नका.

वीस लेखांचा हिशेब बघा. पाच वर्षांत त्याने १४० लेख लिहिले, म्हणजे महिन्याला दोन-अडीच. तुमच्या वेळापत्रकात महिन्याचे सहाशे होतात. पाचशे शब्दांची, तारखा-नावं पडताळलेली एक बातमी नवख्याला दोन-तीन तास घेते. म्हणजे वीस लेखांना दिवसाचे चाळीस तास लागतील. मग काय होतं, तर दुसऱ्यांच्या बातम्या शब्द बदलून उचलल्या जातात किंवा एआयकडून ढिगाने मजकूर काढला जातो. गुगलने मार्च २०२४मध्ये नेमक्या अशा घाऊक मजकुराविरुद्ध नियम कडक केले. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हा मुद्दाच नाही. वाचकाला नवं काही न देणारी पानं केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगाने काढली, तर अख्खी साइट शोधातून खाली जाऊ शकते.

आता ४० हजारांचं. तुम्ही बँकेत आहात, तेव्हा हा हिशेब तुमच्याच कागदावरून करू. जोडलेल्या आकडेवारीनुसार तीन वर्षांत १ लाख ८५ हजार पानं पाहिली गेली आणि अ‍ॅडसेन्स खात्यात, म्हणजे गुगलच्या जाहिरात-सेवेच्या खात्यात, ७४ डॉलर जमले. म्हणजे हजार पानांमागे ४० सेंट. डॉलरला ८५ ते ९० रुपये धरले तर ४० हजारांसाठी साधारण साडेचारशे-पावणेपाचशे डॉलर लागतात, आणि या दराने तेवढ्यासाठी महिन्याला अकरा-बारा लाख पानं पाहिली जायला हवीत. मनोरंजनाला दर थोडा वेगळा पडेल, पण त्याने चित्र पालटेल अशी आशा धरू नका. ओळखीतल्या मुलाच्या कमाईचा जो स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलात, तो एका महिन्याचा आहे की बारा महिन्यांचा, तेवढं विचारून घ्या. सिनेमा-मालिकांच्या बातम्यांना मोबाइलवर न शोधताच बातम्या सुचवणाऱ्या गुगल डिस्कव्हरमधून एखाद्या आठवड्यात पूर यावा तसे वाचक येतात आणि पुढच्या आठवड्यात नदी कोरडी. सांगलीकराला यापेक्षा वेगळं काय सांगू.

'एक रुपया आलेला नाही' हेही अर्धवट आहे. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे पाठवत नाही. ७४ डॉलर बुडालेले नाहीत, पडून आहेत. जाहिराती लावल्या तेव्हा मुलगा १७ वर्षांचा होता म्हणून खातं तुमच्या नावावर निघालं, ते तेव्हा बरोबरच होतं. आता तो सज्ञान आहे. अ‍ॅडसेन्सचं खातं एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जुनं बंद करून त्याच्या नावाचं नवं काढावं लागतं. बंद करताना शिल्लक १० डॉलरच्या वर असेल तर ती रक्कम शेवटचा हप्ता म्हणून मिळते, फक्त दोन-तीन महिने थांबावं लागतं. त्याचं पॅन आणि त्याचं बँक खातं वापरा, दोन्हींवरचं नाव जुळू द्या. नव्या खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. तो हरवला की पैसे अडकतात, म्हणून पत्ता पिनकोडसकट नीट भरा. साइटवरचा जाहिरातीचा कोड आणि 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' या, साइटवर जाहिराती कुणामार्फत येतात ते सांगणाऱ्या, फाइलमधला क्रमांकही बदलायचा असतो. हे बहुतेक लोक विसरतात आणि मग जाहिराती का दिसत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगून ठेवलंय, लिंक आली की जाहिरातीवर एकदा टिचकी मारा. ते आज संध्याकाळपर्यंत मागे घ्या. ओळखीच्यांनी मुद्दाम मारलेल्या टिचक्या अवैध धरल्या जातात. त्यात खातं कायमचं बंद होऊ शकतं, साठलेले पैसे जातात आणि त्या व्यक्तीला पुन्हा खातं मिळणं जवळपास अशक्य होतं. आई, मामा, बहीण यांच्या नावाने वेगवेगळी खाती काढायचा विचारही सोडा. एका खात्यात अनेक साइट्स जोडता येतात, फक्त प्रत्येकीची तपासणी स्वतंत्र होते.

ओळखीच्या मार्केटिंगवाल्याने तुम्हाला सांगितलंय की जुन्या साइटचे सगळे दुवे नव्या सिनेमाच्या साइटकडे वळवा, म्हणजे पाच वर्षांचं 'गुगलमधलं वजन' आयतं मिळेल. हा या धंद्यातला सगळ्यात जुना गैरसमज. दुवा वळवणं, ज्याला ३०१ म्हणतात, ते पत्ता बदलल्याची नोंद आहे : हेच पान आता तिकडे राहतं. २०२१च्या जुलैतल्या पुरावरचा लेख उघडायला आलेला वाचक मालिकेच्या बातम्यांच्या पहिल्या पानावर जाऊन पडला, तर गुगल त्याला पत्ताबदल मानत नाही. मूळ पान नाहीसं झालं असं समजतं आणि ते पान यादीतून जातं. वजन तर येत नाहीच, आहे तेही जातं. सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातली पत्ता बदलण्याची सोयसुद्धा तीच साइट नव्या नावावर नेण्यासाठी आहे, पुराची साइट मालिकेची करण्यासाठी नाही. वळवणं तेव्हाच उपयोगी, जेव्हा लेख जशाचा तसा नव्या जागी नेला जातो आणि जुन्या पत्त्यावरून थेट त्याच लेखावर नेलं जातं. एकास एक. तेही किमान वर्षभर, खरं तर कायम चालू ठेवावं लागतं, म्हणजे जुनं नाव भरत राहणं आलंच.

पाच विषयांपैकी गाण्यांच्या बोलांची साइट विसरा. गदिमा आजच्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे. ते १४ डिसेंबर १९७७ला गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्यांच्या गीतांवर तो २०३७च्या अखेरपर्यंत आहे. आजच्या गीतकारांचं तर बोलायलाच नको. समीक्षेत दोन ओळी उद्धृत करणं वेगळं आणि अख्खं गाणं छापून शेजारी जाहिरात लावणं वेगळं. १९५७च्या कायद्यातलं ६३वं कलम सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंडाचं आहे. फोटोंचंही तेच. इन्स्टाग्रामवरून स्क्रीनशॉट काढून 'सौजन्य' लिहिलं की झालं, असं नसतं. निर्मात्याची प्रसिद्धी सांभाळणारा (पीआर) प्रेस नोटसोबत फोटो पाठवतो, त्याच्या यादीत नाव घालून घ्यावं. नाहीतर मूळ पोस्ट तिथल्याच 'एम्बेड'च्या, म्हणजे पोस्ट जशीच्या तशी आपल्या पानात दाखवण्याच्या, सोयीने दाखवावी. कलाकारांचं वय, उंची, लग्न, मानधन हा पाचवा विषय तर मुलाच्या गळ्यात बांधूच नका. मानधनाचे आकडे बहुतांशी हवेतले असतात आणि लग्नाबद्दल चुकीचं छापलं की अब्रुनुकसानी, पूर्वीचं भादंविचं ४९९-५००, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६वं कलम.

सरकारी नोकरीची भीती थोडक्यात. निवडीनंतरच्या चारित्र्य पडताळणीत गुन्हे, खटले पाहतात. एसटीच्या वेळापत्रकावर नाराजीचा लेख हा गुन्हा नाही. सेवेत गेल्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात, लेखनावरची बंधनं तेव्हा येतील. मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतोय असं मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

मास कम्युनिकेशन की एमबीए? एमबीएचं कारण या पत्रात मला दिसत नाही. मराठीत लिहायचं असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रातली मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका, दोन्हींची माहितीपत्रकं पाहा आणि तारखा चुकवू नका.

तिथे आणि पुढे कुठल्याही डिजिटल डेस्कवर उमेदवाराला काय विचारतात? काय लिहिलंय ते दाखव. तुमच्या मुलाकडे तारखेसकट पाच वर्षांचं लेखन आहे. पंधराव्या वर्षीचं बाळबोध असेल, असू दे. लाजेखातर काही लेख काढायचे असतील तर ते त्याने काढावेत. तुम्ही पुसायला निघालेली साइट ही त्याच्याजवळची एकुलती एक दाखवण्याजोगी गोष्ट आहे, गुणपत्रिकेच्या आधीची.

आणि आकडेवारीच्या कागदात एक गोष्ट आहे जिच्याकडे तुम्ही पाहिलेलं नाही. १४० पैकी फक्त २३ लेख नाटकांवरचे, पण निम्म्याहून अधिक वाचक त्याच लेखांवर आलेत. मनोरंजन म्हणायचं तर ते तुमच्या घरात आहेच. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे पहिलं नाटक उभं केलं, त्या गावात कोणत्या आठवड्यात कोणता प्रयोग आहे हे एका जागी सापडतं का? त्याला आवडत असेल तरच, पाचांऐवजी एक साइट : सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूरचे प्रयोग आणि त्यांची परीक्षणं. वेळापत्रक नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवरून आणि संस्थांच्या व्यवस्थापकांकडून घ्यावं, बुधवारी रात्रीपर्यंत लावावं, कारण शनिवार-रविवारचे बेत गुरुवारी ठरतात. यात घात होतो तो रद्द झालेल्या प्रयोगाने. पान तसंच राहिलं आणि वाचक कुटुंबासकट बंद दारापाशी पोचला, की तो परत येत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी पुन्हा एकेक फोन. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या आणि पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत काम दुप्पट होईल. संस्थेने पैसे देऊन मजकूर लावला तर वर 'जाहिरात' असं लिहायचं. फार पैसे मिळतील असं मी म्हणणार नाही. महिन्याला आठ-दहा नवी पानं पुरतील, तीही त्याची परीक्षा सांभाळून.

तसं ठरलं तर नाटकाचे २३ लेख मूळ तारखेसह नव्या जागी न्यावेत. आधी जुने-नवे पत्ते शेजारी शेजारी लिहून तक्ता करावा, मग एकेक वळवावा. नव्या पानांचे पत्ते छोटे, रोमन अक्षरांत ठेवावेत. देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर शेपटी होते. मथळा अर्थातच देवनागरीत. मोठा फोटो किमान १२०० पिक्सेल रुंद हवा, नाहीतर डिस्कव्हर त्याला मोठा दाखवत नाही. हात घालण्याआधी वर्डप्रेसची, म्हणजे साइट ज्यावर चालते त्या प्रणालीतल्या सगळ्या मजकुराची, प्रत काढा. एक्स्पोर्टने जी फाइल मिळते तिच्यात मजकूर असतो, फोटो नसतात. 'अपलोड्स'चं फोल्डर वेगळं उतरवून घ्यावं लागतं. उरलेले ११७ लेख जिथे आहेत तिथेच राहू द्या.

६० हजारांतले साठ-सत्तर टक्के परत बँकेत टाका. घेतलेल्या पाच नावांपैकी चारांची मुदत संपू द्या, त्यांच्यावर अजून काही नाही. जुन्या नावाच्या बाबतीत मात्र हे करू नका. डॉट कॉम नाव न भरल्यास सवलतीचे काही दिवस, मग चढ्या दंडाने सोडवून घ्यायचे ३० दिवस, मग पाच दिवसांत ते खुलं होतं. वाचक असलेली जुनी नावं जुगाराच्या साइट्सवाले टपून घेतात, आणि मग तुमच्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर रमी उघडते. पत्रात तुम्ही त्या नावाची मुदत पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला संपते असं लिहिलंय. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा, आणि नोंदणीत तुमच्या ऐवजी त्याचा ईमेल टाका.