फुटपाथ आहे, पण चाकं जात नाहीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या रस्त्याला नवा फुटपाथ झाला. रुंदही आहे. पण दर दहा-पंधरा मीटरवर एखाद्या सोसायटीचं गेट येतं, तिथे फुटपाथ खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. आई व्हीलचेअरवर असते, तिला शेवटी रस्त्यावरूनच न्यावं लागतं. यात काय करता येईल?

उत्तर : गाडीला सरळ आत जाता यावं म्हणून इथे माणसाला खाली उतरवलं आहे. फुटपाथ आहे त्याच पातळीत गेटसमोरून सलग न्यायला हवा आणि चढ गाडीने चढायला हवा. कर्बला, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला, लागून झाडं-खांब असतात ती ६० ते ९० सेंमीची पट्टी त्यासाठी पुरते. १५ सेंमी उंचीचा कर्ब गाडी पाऊण मीटरात आरामात चढते. तिथे वेग कमी होतो, आणि गेटपाशी तो कमी व्हायलाच हवा.

माणसासाठी उताराचं प्रमाण १ ला १२ धरतात. म्हणजे १५ सेंमी उंचीला १.८ मीटर लांबीचा उतार. ४ मीटरच्या गेटला दोन्ही बाजूंनी असे उतार दिले की ७.६ मीटर जागा गेली. गेटं जवळजवळ असतील तर सपाट फुटपाथ उरतच नाही. मग हा उतार अर्ध्या मीटरात उरकला जातो आणि १ ला ३च्या आसपास पडतो. तेवढ्या उतारावर मागून ढकलणाऱ्याचे हात पुरत नाहीत आणि उतरताना खुर्ची पुढे पळते. फुटपाथ दीड मीटरच्या आत असेल, तर बाजूच्या पट्टीला जागाच नसते. अशा ठिकाणी एकेका गेटपाशी खड्डा करण्यापेक्षा तो सगळा टप्पाच ५ ते ७ सेंमी उंचीवर आणलेला बरा.

गेटसमोर पेव्हर ब्लॉक ८० मिमी जाडीचे मागा. ६० मिमीचे ब्लॉक चालणाऱ्यांसाठी ठीक, टेम्पोखाली ते बसतात. ब्लॉक खचण्याचं मुख्य कारण मात्र खाली असतं. केबलसाठी खणलेला चर एकदम भरून वरवर धुम्मस केला जातो, तो साधारण १५ सेंमीच्या थरांनी दाबत आणायला हवा. पातळी चुकली की ती वाळू वाढवून जुळवतात, हाही नेहमीचा प्रकार. ब्लॉकखाली वाळू ३ ते ४ सेंमीच हवी. जास्त घातली की पहिल्या पावसाळ्यात ती वाहून जाते.

प्रश्न : चौकात उतार केला आहे, तरी खुर्ची तिथे अडते. उतार तर बरोबर दिसतो.

उत्तर : उताराच्या तळाशी टेप उभी धरून पाहा. रस्ता आणि उतार जिथे मिळतात तिथे बहुधा दोन-अडीच सेंमीची धार सापडेल. पाणी आत येऊ नये म्हणून ती मुद्दाम ठेवतात. पण व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी असतात. ती धारेवर आडवी फिरतात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेली व्यक्ती पुढे झुकते. तिथे तोंडमिळवणी सपाटच हवी. पाण्यासाठी उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला जाळी बसवा. जाळीच्या फटी १२-१३ मिमीपेक्षा मोठ्या नकोत आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर काठीचं टोक आणि चाक दोन्ही अडकतं.

आज बरोबर असलेला उतार पुढच्या डांबरीकरणानंतर बिघडतो. जुना थर न खरवडता वर नवा टाकला की रस्ता वर येतो, पाणी फुटपाथकडे वळतं, मग फुटपाथ उंच करायची मागणी येते. आधी खरवडणं, मग नवा थर, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी मागून घ्या.

प्रश्न : दुचाक्या चढू नयेत म्हणून आमच्याकडे बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावायचं ठरतं आहे. दोन खांबांत किती अंतर ठेवावं?

उत्तर : व्हीलचेअरला किमान ९० सेंमी मोकळी जागा लागते. दुचाकीचं हँडल साधारण ७० सेंमीचं. म्हणजे खुर्ची जाईल तिथून दुचाकी जाणारच, आणि दुचाकी अडेल इतकं अंतर ठेवलं तर खुर्चीही अडेल. मुंबईत नेमकं हेच झालं. बोलार्डमुळे व्हीलचेअर जात नाही या तक्रारीची दखल मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून घेतली. बोलार्ड मोटारी अडवण्यापुरते ठेवा, मधली मोकळी जागा १ ते १.२ मीटर. साखळ्या नकोत, अंध व्यक्तीच्या काठीला त्या लागत नाहीत आणि पाय अडकतो. दुचाक्यांसाठी रस्त्यालगत आखलेली पार्किंगची जागा आणि नियमित दंड, हाच टिकणारा उपाय.

प्रश्न : पिवळ्या उठावाच्या फरशा खरंच कुणाच्या उपयोगी पडतात का?

उत्तर : नीट बसवल्या तर नक्की. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी अंध व्यक्तींसाठी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे ‘असंच पुढे चला’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. पट्ट्यांच्या जागी ठिपके बसवले की सूचनाच उलटी होते. ओळीच्या दोन्ही बाजूंना ६० सेंमी मोकळं हवं. डीपी बॉक्सवर किंवा झाडावर जाऊन आदळणारी ओळ नसलेलीच बरी. मध्ये चेंबर आलं तर ओळ तोडायची नाही, खोलगट झाकण घ्यायचं आणि त्यात तीच फरशी कापून बसवायची. पिवळा रंगही बदलू नका, कमी दिसणाऱ्यांना तोच दिसतो.

प्रश्न : तक्रार कशी केली की ती फाइलमध्ये पडून राहत नाही?

उत्तर : ‘फुटपाथ खराब आहे’ असं लिहू नका, माप लिहा. जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, टेप लावलेला फोटो, आणि एक वाक्य : ‘येथे मोकळी रुंदी ८५ सेंमी आहे, १.८ मीटर हवी.’ ही १.८ मीटर रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शक तत्त्वांतलं किमान माप आहे. रुंदी मोजताना खांब आणि झाडाचा आळा वगळून मोजा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा उल्लेख करा. सुरक्षित फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे, तेही लिहा.

काम नवं असेल तर माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा : मंजूर नकाशातला आडवा छेद (रस्त्याच्या रुंदीत कशाला किती जागा आणि उंची, हे दाखवणारं चित्र) आणि दोष निवारण कालावधीची शेवटची तारीख. त्या तारखेच्या आत दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. पत्र पथ विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला द्या, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.