स्वतः दारू सोडलेला माणूस व्यसनमुक्ती समुपदेशक होऊ शकतो का?
होऊ शकतो, पण स्वतःचा अनुभव म्हणजे पात्रता नव्हे. अभ्यासक्रम, देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे तास, मग परीक्षा; साधारण क्रम हाच. कस लागतो तो देखरेखीच्या काळात. समोरचा म्हणतो, ‘फक्त शनिवारी घेतो हो.’ जिभेवर आलेला उपदेश गिळून विचारायचं, ‘मग रविवारची सकाळ कशी जाते?’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरक मुलाखतीची पद्धत (उपदेश न करता, प्रश्न विचारून माणसाला बदलाची कारणं स्वतःच बोलायला लावणं) याच धाटणीची. स्वतःची कहाणी मात्र जपूनच सांगा (मोह फार होतो). आणि हो, रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हात थरथरताहेत, घाम फुटलाय असं दिसलं की समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे पाठवायचं.