लोकशाही आली आणि वैर संपलं, एवढंच लिहू नकोस

एकमेकांच्या अणुकार्यक्रमावर संशय घेणारे देश भरवसा कसा बांधतात, यावरच्या तुझ्या चॅप्टरचा ड्राफ्ट वाचला. ब्राझील-अर्जेंटिना निवडलंस ते छानच केलंस, पण दोन्हीकडे लोकशाही आली आणि वैर संपलं असं जे लिहिलंयस ते तसं नाहीये, तारखा परत बघ. पाराना नदीवर इताइपू धरण होत होतं आणि अर्जेंटिनात भीती होती की उद्या भांडण पेटलं आणि ब्राझीलने दरवाजे उघडले तर ब्युनोस आयरेस पाण्याखाली जाईल. तो वाद पॅराग्वेला सोबत घेऊन 1979 मध्ये मिटला, लगेच 1980 मध्ये अणुसहकार्याचा करार झाला, आणि तेव्हा दोन्हीकडे लष्करशहाच होते ना! 1982 च्या ब्रिटनबरोबरच्या फॉकलंड युद्धानंतर तर लंडनमध्ये अर्जेंटिनाचं राजनैतिक कामकाज ब्राझीलच बघत होता.

लोकशाहीने पुढचं काम केलं, आणि ते फार मोठं आहे. पिल्कानियेऊचा युरेनियम समृद्धीचा प्लांट (म्हणजे ज्यातून बॉम्बचा मालही बनू शकतो असा) अर्जेंटिनाने जगापासून लपवून बांधला होता, 1987 मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष अल्फोन्सिन यांनी ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष सार्नी यांना तोच प्लांट आत नेऊन दाखवला. ज्याच्या धास्तीने एवढं सगळं गुपचूप चाललं होतं असं म्हणायचे, त्यालाच! पुढच्या वर्षी सार्नींनी अल्फोन्सिन यांना आरामार नावाच्या अणुकेंद्रात नेलं, जे ब्राझीलच्या नौदलाचं. मला विचारशील तर तुझा अख्खा चॅप्टर या दोन भेटींवर उभा राहायला हवा.

मग 1991 मध्ये एबीएसीसी ही संयुक्त संस्था आली, ऑफिस रिओमध्ये. ब्राझीलच्या प्लांटमध्ये अर्जेंटिनाचे इन्स्पेक्टर जातात आणि त्यांच्याकडे ब्राझीलचे, अणुसाहित्याचा साठा मोजतात, नोंदी ताडून बघतात. म्हणजे शंका गेली म्हणून तपासणी सुरू झाली असं नाही, शंका होती म्हणूनच ही सोय केली, आणि भरवसा त्यातून हळूहळू वाढला. आणि हो, अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही नंतर झाली, अर्जेंटिना 1995, ब्राझील 1998, हा क्रम ठळक कर, बाहेरच्या दबावाने सगळं झालं असं म्हणणाऱ्यांना तेवढं उत्तर पुरे.

भारत-पाकिस्तानशी तुलना करायचा मोह होईल, कर, पण जपून. आपणही 1992 पासून दर 1 जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतो, अगदी संबंध तुटायला आलेले असतानाही, आणि मला त्याचं खरंच मोल वाटतं. पण ती यादी आहे, आत कोणी जात नाही. हा फरक आधी मांड आणि मग तुलना लिही, आणि पुढचा ड्राफ्ट 1979 पासून सुरू करून पाठव.