नाताळच्या सुट्टीत मुलं पहिल्यांदाच दिवसभर घरी असतील तर

आधी एक सांगते, अख्खा दिवस आखून ठेवू नका. पहिल्या वर्षी मी तासातासाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. दुसऱ्याच दिवशी मुलंही रडकुंडीला आली आणि मीही. सकाळी एक ठरलेला उद्योग पुरतो.

मुलं सगळ्यात जास्त रमतात ती मिठाच्या कणकेत. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी. पाणी थोडंथोडं घालत मळा. तारे, घंटा करू द्या आणि दोरा ओवायला भोक ओलं असतानाच पाडा. वाळायला दोन-तीन दिवस लागतात, पण रोज उठून ‘वाळलं का?’ बघण्यातही मजा असते. मग रंगवायचं. ही कणीक तोंडात मात्र जाऊ देऊ नका, मीठ फार असतं. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

कागदी हिमकण कापताना घडी सहा भागांची घाला, आठची नको. खरे हिमकण षटकोनी असतात. ते तसे का, यावर खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने १६११ साली लिहिलं होतं. मुलांनाही विचारून बघा.

‘कंटाळा आला’ म्हणाली की लगेच धावू नका. पंधरा मिनिटं थांबा. माझ्या धाकट्याची खोक्यांची आगगाडी अशाच एका कंटाळ्यातून निघाली.