सनरूफ गळतंय? आधी पन्हाळ बघा

पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅरेजसमोर ठरलेलं दृश्य असतं. दोन-तीन चकचकीत गाड्या, आत ओल्या सतरंजीसारखा वास आणि मालकाचा चेहरा पडलेला. यंदा आलेल्या पत्रांतही हाच विषय जास्त आहे, म्हणून या वेळी सगळी जागा सनरूफला.

प्रश्न : गाडी तीन वर्षांची आहे. परवाच्या पावसानंतर ब्रेक मारला की आरशाजवळच्या दिव्यातून पाण्याची धार थेट मांडीवर येते. गाडी उभी असताना मात्र एक थेंब नाही. बॉडीवाला म्हणतो, सगळं बीडिंग बदला. बदलू का? (जालना)

बीडिंगला, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीला, सध्या हात लावू नका. तुमच्या प्रश्नातच निदान आहे. पाणी छतात कुठंतरी साचलंय, ब्रेक मारला की ते पुढं हिंदकळतं आणि सापडेल त्या भोकातून, म्हणजे दिव्यातून, खाली येतं.

सनरूफचं बीडिंग पाणी शंभर टक्के अडवतं असा बहुतेकांचा समज असतो. ते तसं बनवलेलंच नसतं. थोडं पाणी आत येणारच, हे कंपनीनं धरलेलं असतं. काचेखाली चौकटीला चारी बाजूंनी पन्हाळ असते आणि बहुतेक गाड्यांत तिच्या चार कोपऱ्यांतून चार नळ्या खाली उतरतात. पुढच्या दोन समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून येऊन दाराच्या बिजागरीपाशी किंवा चाकाच्या वर निघतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरच्या आतल्या बाजूला.

माळवदाच्या घरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. माळवदावर पाऊस पडणारच, ते पाणी पन्हाळीतून बाहेर पडलं म्हणजे झालं. पन्हाळीत लिंबाचा पाला अडकला की घरात पातेली मांडायची वेळ. उजेडासाठी छताला साणं असायचं, पाऊस आला की कुणीतरी वर जाऊन त्यावर पत्रा टाकायचं. सनरूफ म्हणजे बटणावर चालणारं साणंच.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर लावा, सनरूफ उघडा, चहाच्या कपभर पाणी पुढच्या एका कोपऱ्यात हळूहळू सोडा आणि दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. थोड्याच वेळात त्या बाजूनं खाली पाणी पडायला हवं. पाणी कोपऱ्यातच उभं राहिलं तर नळी तुंबलेली. मग तिथं आणखी पाणी ओतू नका, ते आतच येईल. चारही कोपरे असेच बघा.

साफ करायला ब्रश कटरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची, नायलॉन दोरी घ्या. शेती अवजारांच्या दुकानात मिळते. दोन-अडीच मिलिमीटरची, गोल. तिचं टोक काडीपेटीनं किंचित वितळवून बोथट करा, नाहीतर नळीला आतून भोक पडेल. दोरीला वेटोळ्याची सवय असते, गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्या. वरून घालून फिरवत फिरवत खाली सरकवा. अडलं की जोर करायचा नाही, मागं घेऊन पुन्हा. परवा एका गाडीतून काय निघालं? काळ्या मातीचा बोटभर गोळा, त्यात कापसाचं पिंजण आणि लिंबाच्या काड्या. आपली काळी माती भिजली की फुगते. उन्हाळाभर धूळ म्हणून बसलेली तीच माती पहिल्या पावसात बूच होते. काही गाड्यांत नळीच्या खालच्या तोंडाला चीर दिलेली रबरी टोपी असते. नळी मोकळी आणि टोपी बंद, असंही होतं, तेव्हा तिथं बोटानं दाबून बघा.

एवढं करूनही गळलंच, तर मग बीडिंग. दहाची नोट बीडिंगवर ठेवून काच बंद करा आणि नोट ओढा. चारी बाजूंनी सारखी अडकली तर बीडिंग ठीक. एखाद्या जागी अलगद सुटली तर तिथं रबर दबून बसलंय किंवा काच खाली-वर झालीय. काचेची उंची स्क्रूवर जुळवता येते, प्रत्येक वेळी नवं बीडिंग लागत नाही.

प्रश्न : नळ्या तुंबल्या होत्या म्हणून टायरवाल्याकडून कंप्रेसरची हवा मारून घेतली. फट्‌ असा आवाज आला. आता पाणी डिकीत येतंय, आधी येत नव्हतं. (नांदेड)

तो आवाज नळी निसटल्याचा असणार. या नळ्या वरच्या चौकटीला नुसत्या खोचलेल्या असतात. खाली बूच आणि वरून टायर भरायच्या जोराची हवा, मग नळी सुटणारच. आता मागच्या कोपऱ्यातलं सगळं पाणी छताच्या अस्तरामागून डिकीत उतरतंय. अस्तर सैल करून नळी परत बसवावी लागेल, क्लिप लावावी लागेल. हे काम घरी करू नका. अनेक गाड्यांत छताच्या कडेनं पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळलेली असते, खांबाचं प्लास्टिक स्क्रू ड्रायव्हरनं उचकटताना तिच्या वायरीला धक्का लागायला नको. काम करणारा आधी बॅटरीची तार काढतो का, ते बघा. काढत नसेल तर गाडी दुसरीकडं न्या.

आणि डिकीतला गालिचा उचला. खाली स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं असेल.

प्रश्न : पाऊस नाही, काही नाही, तरी शेजारच्या सीटसमोर पायाखाली पाणी. सनरूफच गळतंय ना? (अंबाजोगाई)

नाही. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर येणारं स्वच्छ पाणी एसीचंच. त्याचा निचरा करणारी छोटी नळी तुंबलीय. एसी लावून गाडी पंधरा मिनिटं उभी करा. खाली जमिनीवर थेंब पडले नाहीत तर खात्रीच. दहा मिनिटांचं काम आहे, सनरूफला उगाच दोष देऊ नका.

प्रश्न : वैताग आलाय. सिलिकॉन भरून सनरूफ कायमचं बंद करून टाकू का? (लातूर)

तुमचा वैताग कळतो, पण नको. सिलिकॉन उन्हात एखाद्या जागी सुटतं आणि पाणी तिथून आत शिरतं. नळ्या तर तुंबलेल्याच असतात. शिवाय पुढं मोटर किंवा काच दुरुस्त करायची वेळ आली की तो लगदा खरवडायचे पैसे वेगळे. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो, रबर कडक होतं, त्याला मऊ ठेवणं हाच उपाय. बीडिंग ओल्या फडक्यानं पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. चेनला लावतात ते ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि धूळही चिकटते.

प्रश्न : गारपिटीत सनरूफची काच तडकली. विमा मिळतो का? (बीड)

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर गारपीट त्यात येते, आणि काचेवर घसारा कापत नाहीत. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र 50 टक्के कापतात, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, नसेल तर. गाडी दुरुस्तीला देण्याआधी फोटो काढा, कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊ द्या. तोवर काचेवर जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी. तडकलेल्या काचेचं सनरूफ उघडून बघायचा मोह टाळा. नळी तुंबून आत आलेल्या पाण्याचा दावा मात्र बहुतेक वेळा देखभालीचा हलगर्जीपणा म्हणून फेटाळतात.

प्रश्न : आमच्या गाडीला सनरूफ नाही. बाहेरून बसवून देणारे आहेत. बसवू? (परभणी)

नको. छताचा पत्रा आणि त्याखालची आडवी पट्टी कापावी लागते, गाडी उलटली तर तीच तुम्हाला वाचवणार असते. कंपनीनं बनवलेल्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आड येतो, आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो.

प्रश्न : लग्नाच्या वरातीत पोरं सनरूफमधून उभी राहतात. त्यानं गळती लागते का? (हिंगोली)

गळतीचं नंतर बघू, आधी पोरांना खाली बसवा. अचानक ब्रेक लागला तर काचेची कड थेट पोटात बसते. आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. लागते. पोरं हात टेकतात ती सनरूफच्या पुढच्या कडेची वारा अडवणारी जाळी वाकते, बूट काच सरकते त्या रुळावर पडतात, काच तिरकी बंद होते. गेल्या लग्नसराईतल्या एका गाडीच्या पन्हाळीत मला ज्वारीच्या अक्षता सापडल्या, हळद लावलेल्या. दोनतीन दाण्यांना कोंबही फुटले होते.