जुलैतली रिकामी कणगी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

जुलैअखेर तू शेतकऱ्यांसोबत काम करायला पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरला पोचशील. राजधानी नियामीबाहेर पडलीस की गुडघाभर बाजरी दिसेल. हिरवंगार रान बघून वाटेल, सुगी जवळ आली. मलाही तसंच वाटलं होतं. पण तिथे उपासमार येते ती ऐन पावसाळ्यातच. गेल्या ऑक्टोबरची बाजरी संपलेली असते, नवी सप्टेंबरअखेर येणार असते, आणि मधल्या महिन्यांत खुरपणीची कंबर मोडणारी कामं. फ्रेंचमध्ये या काळाला 'सुद्यूर' म्हणतात, म्हणजे सांधा. जुनं धान्य नव्या धान्यापर्यंत कसंबसं पोचवायचं.

पहिल्या वर्षी एका घरी मला फुरा दिला. बाजरी कुटून, उकडून केलेले गोळे, एरवी आंबट दुधात कालवतात; त्या दिवशी साध्या पाण्यात कालवले होते. मी वाडगा संपवला. अंगणात आलो तर घरची बाई मडक्यात हांझाच्या बिया भिजवत होती. रानातल्या या कडू बियांचं पाणी आठवडाभर बदलत राहावं लागतं, तेव्हा कुठे त्या पोटात जातात. पाहुण्याला बाजरी आणि लेकरांना हांझा! पुढे त्या महिन्यांत मी जेवणवेळेला कुणाच्या दारात गेलो नाही. तूही जाऊ नकोस.

पहिल्या पावसावर ते पेरतात. मग पाऊस दडी मारतो, वाऱ्याने वाळू उडते, कोवळी रोपं गाडली जातात. दुबार पेरणी म्हणजे काय ते आपल्या मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिथे मात्र दुसऱ्या पेरणीचं बी खायच्या धान्यातूनच काढायचं असतं. तेव्हा "बी राखून का ठेवलं नाही?" असं चुकूनही विचारू नकोस.

आणि नवं वाण घेऊन धावू नकोस. बाजरी मुळात त्यांचीच आहे, साहेलमधली, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी तिथूनच आली. खरं दुखणं भावात आहे. २००४ च्या टोळधाडीनंतर, २००५ मध्ये, बाजारात धान्य होतं, पण ते घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता. देणं भागवायला ऑक्टोबरात स्वस्तात विकायचं, जुलैत तेच महागात घ्यायचं, नाहीतर वाढीदिढीने आणायचं. यावर तिथे एक चांगला उपाय आहे, वारांताज. सुगीनंतर पोती गोदामात ठेवायची, त्यांच्या तारणावर कर्ज घ्यायचं आणि भाव चढल्यावर सोडवायची. दाराला दोन कुलपं: एक किल्ली शेतकऱ्यांच्या गटाकडे, दुसरी कर्ज देणाऱ्याकडे. तुझी ताकद इथे लाव, आणि गोदाम सुगीआधी तयार हवं, नंतर नाही.

कुणाच्या कणगीत डोकावू नकोस. शेवटचं पोतं कधी आणलं, काय भावाने, एवढंच विचार. तेवढ्यावरून घरची परिस्थिती कळते.

पोचल्यावर लिही. पाऊस किती झाला ते मला इथे उपग्रहाच्या नकाशावर दिसतं. पहाटे किती घरांतून मुसळाचा आवाज आला, ते मात्र तूच कळव.

तुझा,
काका