दिवस भरत आले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दर महिन्याला तेच प्रश्न येतात, फक्त गावाचे नाव बदलते. म्हणून या वेळी ते एकत्र घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. तुमची फाइल ज्या डॉक्टरांकडे आहे त्यांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी सुरू किंवा बंद करू नका.

प्रश्न : पाळीवरून १४ तारीख निघते, तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत २३ आणि आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत पुढच्या महिन्याची ५. खरी कोणती?

तिसऱ्या महिन्यातली. त्या काळात सगळी बाळे जवळपास एकाच वेगाने वाढतात, त्यामुळे लांबीवरून काढलेले वय पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. पाळीवरचा हिशेब (शेवटच्या पाळीचा पहिला दिवस अधिक २८० दिवस) २८ दिवसांच्या नियमित पाळीवर बेतलेला असतो. आठव्या महिन्यात मशीन बाळाचा आकार मोजते, वय नव्हे. अशा वेळी तारीख पुढे ढकलली, तर बाळाची वाढ खरोखरच खुंटली असली तरी ती कागदावर झाकली जाते. तुमच्या बाबतीत तीच शंका आहे, म्हणून दोन्ही रिपोर्ट आणि पाळीची तारीख एकत्र ठेवून डॉक्टरांना दाखवा. बाकी, नेमक्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. आजीने तिकीट काढताना हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : केशर-दुधाने बाळ गोरे होते आणि लोहाच्या गोळ्यांनी काळे, असे घरात म्हणतात.

दोन्ही खोटे. रंग आई-बापांकडून येतो. गोळीने काळी होते ती शी, आणि ते निरुपद्रवी आहे. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. चहाच्या आधी-नंतर तासभर ती घेऊ नका, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, दोन्ही एकत्र घेतल्या की लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर चालेल. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो का?

नाही. दिवसभर उपाशी आणि तहानलेले मात्र राहू नका.

प्रश्न : ३४वा आठवडा चालू आहे. कालपासून बाळ कमी फिरते. सासूबाई म्हणतात, शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ शांत होते. नवऱ्याने ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र ऑनलाइन मागवले आहे, त्यावर ठोके ऐकू येतात. सोमवारी तपासणी आहे. तोवर थांबू का?

नाही. हे पत्र लिहिण्याऐवजी तुम्ही दवाखान्यात जायला हवे होते.

हा प्रश्न इतक्यांदा येतो की सविस्तरच लिहितो. जागा कमी पडते हे खरे, पण त्यामुळे हालचालीचा प्रकार बदलतो, हालचाल कमी होत नाही. सातव्या महिन्यातल्या लाथा नवव्या महिन्यात ढकलण्यात, कूस बदलण्यात, बरगडीखाली टाच रुतवण्यात बदलतात. प्रसूतीच्या दिवसापर्यंत बाळ हलतच राहते. वारेतून प्राणवायू कमी येऊ लागला की बाळ काटकसर करते आणि आधी हातपाय हलवणे कमी करते. ठोके सगळ्यात शेवटी थांबतात. म्हणजे ठोके ऐकू येतात एवढ्यावरून बाळ बरे आहे असे म्हणताच येत नाही. शिवाय त्या यंत्रात आईच्याच मोठ्या रक्तवाहिनीचा आवाज पुष्कळदा बाळाचा समजला जातो. हे यंत्र विकणारे ‘घरबसल्या निश्चिंत राहा’ असे लिहितात तेव्हा मला चीड येते, कारण त्या निश्चिंतीतच मोलाचे तास जातात.

२८व्या आठवड्यापासून बाळाची रोजची सवय ओळखा. कुणाचे बाळ जेवणानंतर फिरते, कुणाचे रात्री नऊनंतर. बाळ झोपते तेही साधारण २० ते ४० मिनिटे, दीड तासाच्या वर क्वचितच. शंका आली तर डाव्या कुशीवर पडा, टीव्ही आणि मोबाइल बंद करा, हात पोटावर ठेवा आणि मोजा. लाथ, ढकलणे, कूस बदलणे यांतले प्रत्येक एक धरायचे. उचकी धरायची नाही. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर निघा. आणि हालचाल अजिबातच लागत नसेल, तर ते दोन तासही मोजत बसू नका. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर हालचाल बोथट लागते हे खरे, पण तीही रोजच्यापेक्षा कमी झाली तर नियम तोच.

गार पाणी प्या, पेढा खा, मग बघा, हे उपाय सांगणाऱ्यांना नमस्कार करा आणि रिक्षा बोलवा. दवाखान्यात पोटावर दोन पट्टे बांधून निदान २० मिनिटे ठोक्यांचा आलेख काढतात, रक्तदाब आणि पोटाची वाढ बघतात, गरज पडली तर सोनोग्राफीत गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह तपासतात. सगळे ठीक निघाले तर घरी पाठवतात. चार दिवसांनी पुन्हा तसेच वाटले तर पुन्हा जायचे. ‘मागच्या वेळी उगाच आलात’ असे कोणी म्हणाले तरी जायचे. रात्री दोन वाजता वाटले तर रात्री दोन वाजता, सकाळी नव्हे. वाहन नसेल तर १०८ लावा.

प्रश्न : बाळाच्या नाळेतले रक्त ५५ हजारांत साठवतो असे एक प्रतिनिधी सांगून गेला. ‘आयुष्यभराचा विमा’ म्हणतो.

विमा नव्हे. बाळाला पुढे थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) निघाला तर तोच दोष त्या साठवलेल्या रक्तातही असतो, मग ते त्याच बाळाला कसे द्यायचे? स्वतःच्या भावी वापरासाठी असे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. ते प्रतिनिधी दाखवत नाही, हप्ते दाखवतो. पिशवी भरण्याच्या घाईत नाळ लवकर बांधली गेली तर नुकसान बाळाचेच. एक ते तीन मिनिटे थांबून नाळ बांधली की ते रक्त बाळात जाते आणि पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा वाढतो. अपवाद एकच : मोठ्या भावंडाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांना आधीच विचारा.

प्रश्न : सिझेरियन ठरलेच आहे. गुरुजींनी ३८व्या आठवड्यातला पहाटे ४.१०चा मुहूर्त दिला आहे.

३९ आठवडे पूर्ण होण्याआधी, वैद्यकीय कारण नसताना, नको. बाळाच्या फुप्फुसातले पाणी नीट निघत नाही, धाप लागते आणि काचेच्या पेटीत ठेवावे लागते. शिवाय पहाटे चारला भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढीतला माणूस एकाच वेळी जागेवर असतीलच असे नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवशी, दिवसाढवळ्या होऊ द्या.

प्रश्न : पहिले बाळंतपण माहेरी आहे. नववा लागल्यावर गेलेले चालेल का?

ओटीभरण केव्हाही करा, पण तिथल्या डॉक्टरांना ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान एकदा तरी दाखवा. तिथे रात्री सिझेरियन होते का, भूल द्यायला कोण येते, रक्त किती अंतरावर मिळते, हे तोंडावर विचारा. फाइलमध्ये पहिली सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही-कावीळ-व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची चाचणी) आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा हव्यात. या सगळ्यांचे फोटो सोबत येणाऱ्याच्या मोबाइलमध्येही ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्यातले अँटी-डी इंजेक्शन दिले की नाही ते ठळक लिहून घ्या. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर जन्मानंतर ७२ तासांत पुन्हा द्यावे लागते, आणि दोन गावांच्या मधे विसरले जाते ते नेमके हेच.

प्रश्न : जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात.

वर्षाचे होईपर्यंत मध नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. पहिल्या तासात आईचे चिकाचे दूध द्या, अंगठी बारशाला घाला.

प्रश्न : कळा किती अंतरावर आल्या की निघायचे?

पहिलटकरणीने पाच मिनिटांवर. प्रत्येक कळ ४० ते ६० सेकंद टिकणारी हवी आणि हे तासभर चालू हवे. चालल्याने किंवा पाणी प्यायल्याने थांबतात त्या खोट्या. दवाखाना तासाच्या अंतरावर असेल किंवा आधीचे बाळंतपण झालेले असेल तर याच्या बरेच आधी निघा. ३७ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर अंतर मोजत बसू नका, लगेच निघा. पाणी गेले, रक्त गेले, डोके ठणकले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा नसल्या तरी लगेच निघा. पाणी गेल्यावर पॅड लावा, वेळ घड्याळात बघून लिहा आणि रंग बघा. हिरवट असेल तर तेवढे दवाखान्यात फोन करून आधीच कळवा.